मराठीत फ्रीलान्स लिखाण करून घर चालवायचंय? मग हे आधी वाचा

मराठी चांगलं लिहिता येतं, त्यातनं महिन्याचे पैसे उभे करायचेत, पण सुरुवात कुठनं करायची ते कळत नाही, अशा लोकांसाठी हे लिहितेय. मी नाशकात घरी बसून अनुवाद, सबटायटल, जाहिरातीची कॉपी, शाळांसाठीचं डिजिटल साहित्य असं मिळेल ते करत करत यात आले आणि आता यावरच घर चालतं. मला जे मेसेज येतात त्यात सगळ्यांचे प्रश्न तेच, कोर्स कुठला करू, वेबसाइट काढू का, पर वर्ड किती मागू. पैसे हातात कधी पडतील हे मात्र क्वचितच कुणी विचारतं, आणि माझ्या मते खरा प्रश्न तोच आहे.

कारण यात काम संपणं आणि पैसे येणं यामधे कधी पंधरा दिवस जातात तर कधी सहा महिने. 'पाच इन्कम सोर्स' सांगणारे व्हिडिओ ढीगभर आहेत, पण पाचही ठिकाणचे पैसे तीन-तीन महिन्यांनी येणार असतील तर वाण्याचं बिल कशातनं द्यायचं? म्हणून खालचं सगळं त्या हिशोबाने सांगतेय. (आणि हो, ३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात भाषेचा दर्जा जाहीर झाला, आनंदच आहे, पण त्याने आपल्या रेटमधे काही फरक पडलेला मला तरी दिसला नाही, तेव्हा त्या भरवशावर नोकरी सोडू नका.)

१. सगळ्यात आधी टायपिंग आणि फॉन्ट

हे वाचून लोकांना वाटतं यात काय सांगायचं, मोबाइलवर तर रोज टाइप करतो. पण काम हातचं जातं ते इथेच.

युनिकोडमधे, म्हणजे कुठल्याही फोन-कॉम्प्युटरवर वाचता येतील अशा अक्षरांत, टाइप करायला शिका. इनस्क्रिप्ट ही भारतीय भाषांची कीबोर्ड मांडणी सगळ्यात उत्तम, शिकायला दोन-तीन आठवडे त्रास होतो पण नंतर हात पळतो. ते नसेल जमत तर विंडोजमधे मराठी फोनेटिक कीबोर्ड असतो तो सुरू करा. गूगलचं बोलून टायपिंग पहिल्या खर्ड्यासाठी ठीक आहे, पण विरामचिन्हं आणि ऱ्हस्व-दीर्घ तुम्हालाच बघावं लागतं.

आता एक बारीक गोष्ट. 'दुसऱ्या', 'वाऱ्यावर', 'करणाऱ्या' यातला तो आडवा अर्धा र दोन पद्धतीने टाइप होतो, आणि दिसायला दोन्ही सारखेच दिसतात. एका पद्धतीत नुक्तावाला ऱ वापरून त्याला हलन्त (पाय मोडायचं चिन्ह) देतात, दुसरीत साधा र, हलन्त आणि मधे एक न दिसणारं जोडचिन्ह असतं. अर्धी फाइल एका पद्धतीने आणि अर्धी दुसऱ्या पद्धतीने टाइप झाली की क्लायंट 'फाइंड' करायला जातो आणि त्याला निम्मेच शब्द सापडतात, शब्दसूचीशी मेळ बसत नाही, आणि चूक कुठे आहे ते कुणालाच दिसत नाही. 'ॲ'चं पण तसंच, एक अख्खा ॲ आहे आणि एक अ वर चंद्र काढून केलेला. एक पद्धत ठरवा आणि तीच शेवटपर्यंत ठेवा. तसंच वर्डमधे फाइलची भाषा मराठी ठेवा, हिंदी राहिली तर काही फॉन्टमधे ल आणि श हिंदी वळणाचे दिसतात आणि बघणारा म्हणतो हे मराठी नाही वाटत.

छापील माध्यमात अजून श्रीलिपी या युनिकोडच्या आधीच्या फॉन्ट-पद्धतीचं राज्य बऱ्यापैकी आहे. प्रकाशक किंवा डीटीपीवाले (कॉम्प्युटरवर छपाईची पानं लावणारे) श्रीलिपीची फाइल मागतात किंवा तुमचा युनिकोड मजकूर कन्व्हर्टरमधनं काढतात, आणि तिथे रफार, जोडाक्षरं, अवतरणचिन्हं यांची वाट लागते. म्हणून लेख दिला की वर्ड फाइलसोबत पीडीएफ पण द्या आणि छापायला जायच्या आधी एक प्रूफ माझ्याकडे पाठवा असं आवर्जून सांगा. अनुस्वार गेला तर शिव्या लेखकाला पडतात, ऑपरेटरला नाही.

२. कामांचे तीन गठ्ठे करा, पैसा कधी येतो त्यावरून

हा भाग जरा सावकाश वाचा.

पहिला गठ्ठा म्हणजे महिन्याच्या महिन्याला येणारा पैसा. एखादा दवाखाना, क्लासेस, ज्वेलर, शेतीच्या औषधांची कंपनी, बिल्डर, यांना सोशल मीडियासाठी आणि पत्रकांसाठी मराठी मजकूर कायम लागतो. त्यांच्याकडे महिन्याला ठरलेल्या पोस्ट आणि ठरलेली रक्कम असं बांधून घ्यायचं. कामाला प्रतिष्ठा नाही, नाव छापून येत नाही, अक्षय्य तृतीयेच्या सोन्याच्या ऑफरवर दरवर्षी नवीन ओळ सुचवावी लागते, पण पाच तारखेला पैसे येतात. माझं म्हणणं असं की घरभाडं, वीज आणि किराणा एवढं या गठ्ठ्यातनं निघेपर्यंत नोकरी सोडायची नाही. आणि एकच क्लायंट निम्म्याहून जास्त पैसे देत असेल तर ती पण एक प्रकारची नोकरीच झाली, फक्त पीएफ आणि सुट्ट्या नसलेली, त्यामुळे दुसरा शोधत राहायचं.

दुसरा गठ्ठा ३० ते ६० दिवसांनी पैसे देणारा. यात भाषांतर एजन्सी, सबटायटलचे स्टुडिओ, ॲप आणि वेबसाइटचं मराठीकरण, ई-लर्निंग कंपन्यांचं साहित्य, ऑडिओ सिरीजचं लिखाण येतं. इथे रक्कम मोठी असते पण बिल दिलं की महिना संपल्यापासून ४५ दिवस असले नियम असतात. म्हणजे ३ जूनला दिलेल्या कामाचे पैसे ऑगस्टच्या मध्याला. हे गृहीत धरूनच चालायचं.

तिसरा गठ्ठा वर्षाने, नाहीतर कधीतरी येणारा पैसा. दिवाळी अंक, वर्तमानपत्रातले लेख, आकाशवाणीसाठीची संहिता, पुस्तकाचं मानधन किंवा रॉयल्टी, किंडलवर टाकलेलं ई-बुक, प्रतिलिपीसारख्या ठिकाणच्या कथा. दिवाळी अंकांची परंपरा १९०९ च्या 'मनोरंजन'पासूनची, आजही ते शेकड्यांनी निघतात, आणि नाव होण्यासाठी यासारखी जागा नाही. पण त्यांचं गणित जाहिरातींवर चालतं, जाहिरातीचे पैसे संपादकाला मिळाल्यावर तुम्हाला मिळणार, म्हणजे लेख जुलैत आणि चेक जानेवारीत असं सर्रास होतं. काही ठिकाणी तर 'अंक पाठवतो' हेच मानधन. द्यायचा तर द्या, मी पण देते, फक्त तो लेख महिन्याच्या हिशोबात धरू नका.

नवीन माणूस बहुतेक वेळा तिसऱ्या गठ्ठ्यापासून सुरू करतो कारण लेखक म्हणून तेच आवडतं, आणि सहा महिन्यांत वैतागून सोडतो. पहिल्या वर्षी वेळेचा मोठा वाटा पहिल्या दोन गठ्ठ्यांना द्या, शनिवार-रविवार तिसऱ्याला.

३. नमुने तयार करा

वेबसाइट लागत नाही. चार-पाच नमुने गूगल डॉक्समधे किंवा पीडीएफमधे पुरेत. एक माहितीचा लेख, एक जाहिरातीच्या ओळींचा संच, एक संवाद असलेला प्रसंग, आणि एक अनुवाद, मूळ इंग्रजी डावीकडे आणि मराठी उजवीकडे असा.

अनुवादासाठी कविता घेऊ नका. विमा कंपनीचं माहितीपत्रक घ्या, बँकेच्या अटी घ्या, औषधाच्या खोक्यातला कागद घ्या, कारण कामं त्याचीच येतात. बाजारात काय चालतं बघा:

'आपला दावा पडताळणीच्या अधीन राहून ७ कार्यदिवसांच्या आत प्रक्रिया करण्यात येईल.'

आणि हेच असं लिहिता येतं:

'कागदपत्रं तपासून झाली की कामकाजाच्या ७ दिवसांत तुमच्या क्लेमचा निर्णय कळवू.'

दुसरं वाचून क्लायंटच्या ऑफिसातला मराठी माणूस मान डोलावतो आणि काम तुम्हाला मिळतं. मात्र कायदेशीर कागद असेल तर 'अधीन राहून' लागतंच, तिथे सोपं करायच्या नादात अट गाळून बसू नका.

४. काम शोधायचं कुठे

लिंक्डइनवर प्रोफाइलच्या पहिल्याच ओळीत भाषेची जोडी आणि क्षेत्र लिहा, 'इंग्रजी ते मराठी, आरोग्य आणि विमा' असं. 'शब्दांची किमयागार' वगैरे लिहू नका, कुणी शोधत नाही ते.

परदेशी एजन्सीसाठी प्रोझ आणि ट्रान्सलेटर्सकॅफे या दोन जुन्या साइट आहेत. प्रोझवर ब्लू बोर्ड नावाचा भाग आहे, तिथे अनुवादकांनी एजन्सींना शेरे दिलेले असतात, काम घ्यायच्या आधी तो बघायचाच. सिनेमा-मालिकांकडे जायचं असेल तर मुंबईतली स्क्रीनरायटर्स असोसिएशन माहीत करून घ्या, कथा किंवा पटकथा कुणाला ऐकवायच्या आधी सभासद होऊन तिथे ऑनलाइन नोंदवता येते. ग्रंथलेखनात पहिलंच पुस्तक असेल तर महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना आहे, तिच्या जाहिरातीवर लक्ष ठेवा.

आणि सगळ्यात जास्त काम देणारी जागा म्हणजे तुमच्याच गावातला प्रिंटिंग प्रेसवाला आणि डीटीपीवाला. त्यांच्याकडे रोज माणसं येतात ज्यांना छापायचं असतं पण लिहिता येत नाही. संस्थेचा अहवाल, सत्कारमूर्तीचं मानपत्र, गौरवग्रंथ, कारखान्याचा इतिहास. पंचाहत्तरीचे गौरवग्रंथ हा एक अख्खा धंदा आहे आणि त्यात पैसे रोख नाहीतर चेकने लगेच मिळतात, कारण कार्यक्रमाची तारीख ठरलेली असते.

५. दर कसा ठरवायचा

माझ्या आणि ओळखीतल्या लोकांच्या अनुभवात देशी एजन्सी अनुवादाला शब्दामागे ५० पैशांपासून दीड रुपयापर्यंत देतात, थेट क्लायंट दोन-तीन रुपये देतो, परदेशी एजन्सी तीन ते पाच सेंट. पण लोकांचे दर विचारत बसण्यापेक्षा आपला आकडा काढा.

समजा महिन्याला ४०,००० हवेत. महिन्यात कामाचे दिवस २२ असले तरी बिल लागेल असे १५ च धरा, उरलेले मेल, पाठपुरावा, नमुने आणि पाहुण्यांत जातात. ४०,००० भागिले १५ म्हणजे दिवसाला साधारण २,६६७. नीट तपासून दिवसाला २,००० शब्द होतात. म्हणजे शब्दाला १ रुपया ३३ पैसे, हा तुमचा तळ. याच्या खालचं काम घेतलं की महिना तोट्यात गेला असं समजायचं, मग क्लायंट कितीही गोड बोलू दे.

दोन ठिकाणी माणूस इथे फसतो. एक, शब्द मोजायचे ते मूळ इंग्रजीचे. मराठीत प्रत्यय शब्दाला चिकटतात त्यामुळे मराठी मजकुराचे शब्द इंग्रजीपेक्षा चांगलेच कमी भरतात, आणि 'मराठी शब्दांवर पैसे देऊ' म्हणणारा तुमचा दर न बोलता कमी करत असतो. दोन, एजन्सी ट्रेडॉस, मेमोक्यू, फ्रेझ असल्या अनुवादाच्या सॉफ्टवेअरमधे काम देते आणि त्यात पुन्हा आलेल्या वाक्यांना पूर्ण पैसे मिळत नाहीत. फाइल १०,००० शब्दांची असली आणि त्यातले ४,००० शब्द पुनरावृत्तीचे, त्यांना १० टक्के दर, तर बिल ६,४०० शब्दांचं होतं. हे गैर नाही, पण 'हो' म्हणायच्या आधी तो हिशोबाचा तक्ता मागून घ्या. सराव करायला ओमेगाटी हे तसलंच सॉफ्टवेअर फुकट आहे.

सबटायटलला दर मिनिटामागे असतो, म्हणजे एपिसोडच्या मिनिटामागे, तुमच्या बसण्याच्या मिनिटामागे नव्हे. त्यात टायमिंग (कुठली ओळ कधी दिसणार ते) लावून दिलेलं आहे की आपण लावायचंय हे आधी विचारा, कारण मेहनत दुप्पट होते. सबटायटल एडिट नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, दोन ओळींच्या वर जायचं नाही, एक सबटायटल सात सेकंदांच्या वर ठेवायचं नाही, एवढ्या शिस्तीत एक-दोन शॉर्टफिल्म करून बघा म्हणजे अंदाज येतो.

६. करार, आणि हक्क कुणाचा

लोक इथे वाचतच नाहीत, सही ठोकतात.

१९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे नोकरीत नसलेल्या लेखकाच्या लिखाणाचा पहिला मालक सर्वसाधारणपणे लेखकच. हक्क दुसऱ्याला द्यायचे तर ते लेखी आणि तुमच्या सहीने असावं लागतं. त्यात मुदत लिहिली नसेल तर कायदा पाच वर्षं धरतो, प्रदेश लिहिला नसेल तर भारत धरतो. म्हणून 'सर्व हक्क, सर्व माध्यमं, कायमस्वरूपी' असं वाक्य दिसलं की थांबायचं. जाहिरातीच्या कॉपीला ते ठीक आहे, दोन वर्षांनी त्या ओळींचं तुम्ही काय करणार? पण कथा, लेखमाला, पुस्तकाचा अनुवाद यासाठी विचारायचं की ऑडिओ कुणाकडे, ई-बुक कुणाकडे, वेब सिरीज झाली तर काय. आजकाल कथेचे पैसे छापण्यातनं कमी आणि ऐकण्या-बघण्यातनं जास्त मिळू शकतात, आणि ते हक्क लोक हजार-दोन हजारांच्या मानधनात देऊन टाकतात.

पुस्तकाचा अनुवाद करताना मूळ लेखकाची किंवा प्रकाशकाची परवानगी आलीय का ते पत्र बघायला मागा. लेखक जाऊन ६० वर्षं होईपर्यंत आपल्याकडे कॉपीराइट असतो, त्यामुळे 'जुनंच पुस्तक आहे हो' हे उत्तर चालत नाही. अनुवाद सहसा एकरकमी मानधनावर मागतात. एकरकमी घ्यायला हरकत नाही, फक्त दुसऱ्या आवृत्तीला किती मिळणार आणि मुखपृष्ठावर नाव असणार का, या दोन ओळी घालून घ्या.

छोट्या क्लायंटशी वकिली करार नको, एक मेल पुरे. काम काय, शब्द किती, तारीख कुठली, किती वेळा बदल करून देणार (मी दोनदा म्हणते, तिसऱ्यापासून वेगळे पैसे), रक्कम किती, कधी देणार, आणि मधेच काम थांबवलं तर किती देणार. त्यांच्याकडनं 'ठीक आहे' असा रिप्लाय येईपर्यंत फाइल उघडायची नाही. नवीन क्लायंटकडनं निम्मे पैसे आधी घ्या, अवघडल्यासारखं होतं पण देणारा देतो.

७. कागदपत्रं आणि टॅक्स

एवढं एका फोल्डरमधे काढून ठेवा: पॅन, आधार, कामासाठीच्या वेगळ्या बचत खात्याचा रद्द केलेला चेक, उद्यम नोंदणीचं (छोट्या व्यवसायाच्या सरकारी नोंदणीचं) प्रमाणपत्र, सहीचा स्कॅन, बिलाचा नमुना, आणि एक पानी परिचय मराठीत व इंग्रजीत.

बिलावर क्रमांक, तारीख, तुमचा पॅन, कामाचं वर्णन, रक्कम, खात्याचा तपशील आणि पैसे द्यायची शेवटची तारीख. शेवटची तारीख लिहिली नाही तर अकाउंटवाला तुमचं बिल सगळ्यात खाली ठेवतो.

कंपनी व्यावसायिक सेवा धरून १० टक्के टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच आधी घेतलेला कर, कापते. १ एप्रिल २०२५ पासून एका क्लायंटकडनं वर्षाला ५०,००० च्या वर गेलं की हे लागतं, आधी ती मर्यादा ३०,००० होती. पॅन दिला नाही तर २० टक्के कापतात. कापलेले पैसे बुडत नाहीत, रिटर्न भरलं की हिशोबात येतात. नव्या टॅक्स पद्धतीत २०२५-२६ पासून १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर रिबेटमुळे कर पडत नाही, म्हणजे आपल्यातल्या बहुतेकांचा टीडीएस पूर्ण परत येतो, पण रिटर्न भरणाऱ्यालाच. वर्षातनं दोन-तीनदा आयकराच्या साइटवर तुमच्या नावे कापलेल्या कराचा तक्ता (जुना फॉर्म २६एएस) बघा, कापलेली रक्कम तिथे दिसली पाहिजे, नसेल तर क्लायंटच्या अकाउंटवाल्याला लगेच फोन करा, मार्चनंतर ते ओळख दाखवत नाहीत.

खर्चाचा हिशोब न देता मिळकतीचा ठरावीक हिस्सा नफा धरून कर भरायची सोय ठरावीक व्यवसायांना आहे. सिनेमाची कथा, पटकथा, संवाद लिहिणारे त्या यादीत बसतात, लेख आणि अनुवाद करणाऱ्यांचं तसं सरळ लिहिलेलं नाही, तेव्हा सीएला विचारून घ्या. कलमांचे आकडे १ एप्रिल २०२६ पासूनच्या नव्या आयकर कायद्यात बदललेत, जुने व्हिडिओ बघून फॉर्म भरू नका. जुनी टॅक्स पद्धत घेतली तर पुस्तकाच्या रॉयल्टीवर ३ लाखांपर्यंत वजावट मिळू शकते, मात्र शालेय पुस्तकं त्यात येत नाहीत.

जीएसटी लागतो तो वर्षाची उलाढाल २० लाखांच्या वर गेली की, त्याआधी कुणी 'जीएसटी नंबर नाही तर काम नाही' म्हणालं तर तसं सांगा. महाराष्ट्रात व्यवसाय कराची वर्षाला २,५०० ची पीटीईसी नोंदणी स्वतंत्र व्यवसाय करणाऱ्यांना लागू होते, ते पण सीएला विचारा. परदेशी पैसे पेपाल, पेओनिअर, वाइज यातल्या कशातनंही येऊ देत, प्रत्येक रकमेचा बँकेचा कागद जपून ठेवायचा. पेपालने १ एप्रिल २०२१ पासून भारतातल्या भारतातले व्यवहार बंद केलेत, इथल्या क्लायंटला सरळ एनईएफटी नाहीतर यूपीआय सांगा.

८. पैसे थकले तर

थकतात. पहिला मेसेज साधा, बिलाची मुदत संपली की दुसऱ्याच दिवशी:

'नमस्कार सर, बिल क्र. १४, दि. ३ जून, रक्कम १८,५०० ची मुदत काल संपली. पैसे कधी जमा होतील ते कळवाल का? बिल पुन्हा जोडलंय.'

त्यात 'जमलं तर', 'घाई नाही', 'सहज आठवण' असलं काही घालायचं नाही. आपण घाई नाही म्हणालो की समोरच्याला पण घाई राहत नाही. उत्तर नाही आलं तर आठवड्याने फोन, आणि फोन संपादक किंवा मॅनेजरला करण्यापेक्षा अकाउंटला करा, तिथे खरं काय ते कळतं.

उद्यम नोंदणी म्हणते ती यासाठी. ती सरकारी साइटवर फुकट होते, आधार आणि पॅन पुरतो, पैसे मागणाऱ्या साइट दलालांच्या असतात. सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसेल तर १५ दिवसांत द्यावेत असं २००६ चा एमएसएमई कायदा सांगतो, उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट चक्रवाढ व्याज. तक्रारीसाठी सरकारचं ऑनलाइन पोर्टल आहे. शिवाय वेळेत पैसे दिले नाहीत आणि आर्थिक वर्ष संपलं तरी ते थकलेलेच राहिले तर कंपनीला तो खर्च त्या वर्षी आयकरात दाखवता येत नाही, ही गोष्ट अकाउंटवाल्याला चांगली माहीत असते, त्यामुळे बिलावर नुसता उद्यम क्रमांक छापला तरी फरक पडतो. नोंदणी मात्र काम घ्यायच्या आधीची हवी, भांडण झाल्यावर करून मागची बिलं वसूल होतील असं धरू नका.

९. फसवणुकीचे ठरलेले प्रकार

'घरबसल्या मराठी टायपिंग' वाली जाहिरात आली की लांब राहा. ते आधी ॲग्रीमेंट करतात, मग ९० टक्के अचूकता भरली नाही म्हणतात आणि वकिलाच्या लेटरहेडवर दंडाची नोटीस पाठवतात, घाबरून लोक भरतात पण. असं झालं तर पैसे न भरता १९३० वर फोन करून सायबर तक्रार करा. काम देण्यासाठी रजिस्ट्रेशन फी, डिपॉझिट, सॉफ्टवेअरचे पैसे मागणारा कुणीही खरा नसतो. 'टेस्ट' म्हणून तीन हजार शब्द मागणारा दहा जणांकडनं दहा तुकडे करून पूर्ण पुस्तक फुकट काढून घेतो, टेस्ट २५०-३०० शब्दांची, त्याच्या वर पैसे. आणि जास्तीचा चेक पाठवून 'उरलेले परत करा' म्हणणारा परदेशी साहेब, तो चेक वटतच नाही.

१०. एआयचं काय

साध्या मजकुराचा अनुवाद आता मशीन करतं आणि एजन्सी ते तपासायला देते, दर निम्मा नाहीतर त्याहून कमी. मी घेते, पण आधी दोन पानं बघून. मशीनचं मराठी वरवर गुळगुळीत दिसतं आणि आत कर्ता-कर्माची अदलाबदल झालेली असते, कधी नकार गळलेला असतो, तसलं सापडलं की नव्याने लिहिण्याइतकाच वेळ जातो. म्हणून तपासणीला शब्दावर दर न लावता तासावर लावते. एआय बनवणाऱ्या कंपन्यांना मराठी उत्तरं तपासणारी, आवाजाचे नमुने तपासणारी माणसं पण लागतात, ते काम दुसऱ्या गठ्ठ्यात चांगलं बसतं, फक्त गोपनीयतेचा करार नीट वाचा, त्यातलं काही नमुना म्हणून दाखवता येत नाही. क्लायंटचा मजकूर त्याला न विचारता कुठल्या चॅटबॉटमधे टाकू नका, काही करारांत त्याला स्पष्ट मनाई असते.

११. वर्ष कसं आखायचं

एप्रिल-मेमधे संपादकांना दिवाळी अंकासाठी विषय सुचवा, जून-जुलैत लिहून द्या. श्रावण ते दिवाळी जाहिरातवाल्यांची झुंबड असते, त्या काळात पुस्तकाचं काम अंगावर घेऊ नका. डिसेंबर-जानेवारी थंड जातो, तेव्हा ई-बुक किंवा स्वतःचं पुस्तक. छापील पुस्तकाचा आयएसबीएन (पुस्तकाचा ओळख क्रमांक) आपल्याकडे फुकट मिळतो, त्याचे पैसे मागणाऱ्या 'सेल्फ पब्लिशिंग पॅकेज'वाल्याला तेवढं तरी विचारा. किंडलवर मराठी चालतं, भारतातल्या विक्रीवर ७० टक्के रॉयल्टी हवी तर पुस्तक ॲमेझॉनच्या केडीपी सिलेक्ट या योजनेत टाकावं लागतं, म्हणजे ते ई-बुक मग दुसरीकडे कुठे ठेवता येत नाही.

येणाऱ्या प्रत्येक रकमेतला ठरावीक हिस्सा त्याच दिवशी वेगळ्या खात्यात टाका, सहा महिन्यांचा खर्च साठेपर्यंत. आरोग्य विमा स्वतःचा घ्या, वैयक्तिक पॉलिसीवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून निघालाय. पीपीएफला वर्षाला दीड लाखाची मर्यादा आणि १५ वर्षांची मुदत असते, पीएफ नसलेल्यांना तो बरा.

दर वाढवायचा तर मार्चच्या पहिल्या आठवड्यात मेल टाका, नवीन आर्थिक वर्षाच्या बजेटात ते बसतं. 'नमस्कार मॅडम, १ एप्रिलपासून माझा दर शब्दाला १ रुपया ८० पैसे असेल. ३१ मार्चपर्यंत आलेली कामं जुन्याच दराने करून देईन.' एवढंच. महागाईचं कारण नको, मुलांच्या फीचं तर नकोच. जुने क्लायंट मग मार्च अखेरीला साठवलेल्या सगळ्या फाइली तुमच्या अंगावर टाकतात, तेव्हा त्या शेवटच्या आठवड्यात लग्नाचं आमंत्रण असलं तर घरच्यांना आधीच सांगून ठेवा.